जोखीम, स्त्रीलिंगी नाम

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी छातीत धस्स झालं. वाढदिवस नसताना तुझं पत्र म्हणजे कुणी गेलं-बिलं की काय! आत सगळं ठीक आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, गुडघा कुरकुरतो. कार्यालयाची लिफ्ट दोन महिने बंद आहे आणि आम्ही चौथ्या मजल्यावर, त्यामुळे गुडघ्याची तक्रार डॉक्टरकडे करावी की व्यवस्थापकाकडे, ते ठरत नाही.

"दिवसभर कानाला फोन असतो, घरी आल्यावर फोन वाजला की अंगावर काटा येतो, म्हणून लिहून पाठव," असं तू म्हटलंस ते बरं झालं. मलाही बोलण्यापेक्षा लिहिणं सोयीचं. लिहिलेलं खोडता येतं.

तर तुझा प्रश्न. अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये जी नवी भरती झाली आहे त्यांचा पहिला तास तू घेणार, विषय 'जोखीम', आणि सुरुवात शब्दापासून करायची. "तू कोशात बसतेस, तुला माहीत असणार." (कोशात बसतेस! रेशमाच्या किड्यासारखी. तुझा हा विनोद वीस वर्षांचा झाला, तरी तुला अजून पुरतो.) पण वेळ अचूक साधलीस. गेलं वर्षभर आमचा शब्दकोश 'ज'मध्येच रुतून बसलाय, आणि 'जोखीम' या नोंदीचं कार्ड माझ्याच टेबलावर आहे.

हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. आपण तो धोका या अर्थाने वापरतो. पण आई प्रवासाला निघताना काय म्हणायची ते आठवतं? "अंगावर जोखीम नको गं बाई." तिच्याजवळ होती एकच साखळी, तीही नखाएवढी, पण ती 'जोखीम'. म्हणजे जी वस्तू जिवापाड जपायची तीही जोखीम, आणि ती जवळ आहे म्हणून जी धाकधूक तीही जोखीम. कुणी विश्वासाने आपल्या हवाली केलेलं, ज्याची जबाबदारी आता आपल्या शिरावर, त्यालाही जुने लोक जोखीमच म्हणत.

मुळाबद्दल एकमत नाही. काही जाणकार हा शब्द 'योगक्षेम'पासून आला असं मानतात. योग म्हणजे जे हाती नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. आणखी मागे गेलं तर योग म्हणजे जुंपणं: बैल-घोडे गाडीला जुंपून निघायचं. आणि क्षेम म्हणजे एका जागी वस्ती करून राहणं. पुढे व्यापाऱ्याचा माल वाटेत सुखरूप राहावा म्हणून जी काळजी घ्यायची तिलाही योगक्षेम म्हणू लागले. हेच मूळ खरं असेल तर गंमत बघ, सुखरूपपणाचा शब्द झिजत झिजत धोक्याचा होऊन बसला.

दुसरा शब्द 'जोखणे'. तोलणे, मनात वजन करून पाहणे. कानाला ही दोन्ही सख्खी भावंडं वाटतात, पण आमच्या संपादकबाई म्हणतात, "पुरावा नाही. शेजारी बसवा, नातं जोडू नका." त्यांनी माझं कार्ड एकदा परतही पाठवलंय, उदाहरणाची वाक्यं बदला म्हणून. ते सोड.

तुझ्या वर्गाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. जुन्या संस्कृत कायद्याच्या ग्रंथांत 'साहस' म्हणजे गुन्हा. जबरदस्ती, मारहाण, दरोडा. त्या काळी जन्मली असतीस तर तुझी रवानगी थेट कोठडीत.

पत्राच्या शेवटी तू आईच्या कपाटाचा विषय काढलास. त्याबद्दल सवडीने लिहीन. आज हात दुखतोय.

काळजी घे, पाणी भरपूर पीत जा.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे. पत्र पोचलं, दोनदा वाचलं. जुंपणं आणि वस्ती करणं हे फार आवडलं. मी जुंपलेली, तू वस्ती केलेली. आपल्या दोघींचा मिळून एक शब्द होतो की!

तुझा हात दुखतो आणि लिफ्ट बंद आहे हे समजलं. पण माझ्या कानाला सवय आहे, ताई. फोनवर माणूस "थोडासा धूर आहे" म्हणतो तेव्हा घर पेटलेलं असतं. तू "सवडीने लिहीन" म्हणालीस तेव्हा तुला वाईट वाटलंय हे मला कळलं. म्हणून सवडीची वाट न बघता मीच लिहिते.

दहा वर्षांपूर्वी आईचं कपाट रिकामं करताना मी तुला म्हणाले, "तू आयुष्यात कधी काही पणाला लावलंयस का?" तू हातातली घडी खाली ठेवलीस आणि निघून गेलीस. तेव्हापासून आपण वाढदिवसाला चार ओळी लिहिणाऱ्या बहिणी झालो. ते वाक्य मी मागे घेते. मला तेव्हा आई गेल्याचा राग होता आणि तो काढायला समोर तू होतीस. माझी फायर ब्रिगेडची नेमणूक हुकली, आईला किडनी दिल्यावर एकच उरली म्हणून मला शिडीवर घेतलं नाही, फोनवर बसवलं, हे खरं. पण त्यात तुझा काय दोष? तपासणी दोघींनी केली होती. तुझं जुळलं नाही. जुळलं असतं तर तू दिलीच असतीस, आणि शिडीवर मी असते आणि टेबलाशी तू, जशी आहेस तशी.

आता ऐक, माझ्या तासाचं ठरलंय. शब्द सांगून झाला की मी ही आपली गोष्ट सांगणार आहे. दोघी बहिणी, दोघी तयार, एकीच्या रक्ताने साथ दिली आणि एकीच्या दिली नाही. म्हणून जोखीम घेणाऱ्याने छाती फुगवून फिरू नये, आणि न घेणाऱ्याला कुणी हिणवू नये. कशी वाटते? आमचे साहेब म्हणाले, डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी हवंच. तास सोमवारी, सव्वीस तारखेला. तुझी हरकत नाही ना? नाव घेणार नाही. नुसतं 'माझी ताई' म्हणेन.

आणि तुझं कार्ड परत का आलं? नेमकं ते सांगायचं टाळलंस.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तो द्यायचा अधिकार मला आहे का, ते तू हे पत्र वाचून ठरव.

कार्ड का परत आलं ते आधी सांगते, कारण ते सोपं आहे. संपादकबाईंनी मला समोर बसवून विचारलं, "अहो, तुमची सहाही उदाहरणं 'तिने जोखीम घेतली', 'त्याने जोखीम पत्करली' अशीच का? 'मी' कुठेच नाही. भाषेत लोक स्वतःबद्दल बोलत नाहीत का?" मी म्हटलं, बदलते. तीन आठवडे झाले. वाक्य सुचत नाही.

तू ती गोष्ट वर्गात सांगू नकोस. ती खरी नाही.

माझं जुळलं होतं.

हे वाक्य लिहून मी उठले, गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढले, घड्या केल्या, आणि परत आले. ते अजून कागदावर आहे. आता पुढचं लिहिते.

निकाल घ्यायला गेलो तो दिवस तुला आठवत असेल. आपण दोघी डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आधी मला बोलावलं, मोठी म्हणून. त्या चष्मा दोरीला अडकवून गळ्यात घालायच्या. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "तुमचं जुळतंय. बहिणीचंही चालेल, पण तुमचं जास्त चांगलं आहे." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी दार नीट बंद आहे ना ते पाहिलं आणि विचारलं, "तुमची इच्छा आहे का? खरं सांगा. इथलं इथेच राहील."

मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"गुंगी दिल्यावर जाग आली नाही तर."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कदाचित मी लाजेने हो म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, घाबरलेल्या माणसाकडून आम्ही घेत नाही. घरच्यांना फक्त एवढंच सांगू की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही. कारण सांगायला आम्ही बांधील नाही. मी विचारलं, "बहिणीला काही होणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "तब्येत ठणठणीत आहे. मात्र पुढे फार अंगमेहनतीचं काम असेल तर नोकरीवाले खळखळ करतात."

भिंगरी, तुझ्या पिशवीत नेमणुकीचं पत्र होतं. सकाळी बसमध्ये तू मला ते तीनदा दाखवलं होतंस. ते पत्र मला दिसत होतं, दार बंद असलं तरी दिसत होतं. आणि मी डॉक्टरबाईंना त्यातलं अवाक्षर बोलले नाही. मान हलवली आणि बाहेर आले.

तू उभी राहून विचारलंस, "काय गं?"

मी म्हटलं, "माझं जमत नाही म्हणाल्या."

बघ, किती जपून निवडलेलं वाक्य. जमत नाही. रक्ताचं जमत नाही की माझ्याच्याने जमत नाही, तू काय ऐकायचं ते ऐक. मी खोटं बोलले नाही असं स्वतःला एकोणीस वर्षं सांगता यावं, इतकं पक्कं वाक्य. पुढे माझी कोशातली नोकरी पक्की झाली तेव्हा सगळे म्हणाले, हिला शब्दांची जाण आहे.

आणि तू काय केलंस? तू टाळी वाजवलीस. "मग माझं जमेल!" म्हणालीस, जशी काही सहलीला निवड झाली. मी तुझ्याकडे बघितलं नाही, बाकाखाली कुणाची तरी छत्री राहिली होती तिच्याकडे बघत राहिले.

पुढची नऊ वर्षं आई जगली ती तुझ्यामुळे. ती माझ्याकडे राहायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं मी तिचं केलं. औषधं मी दिली, पथ्य मी सांभाळलं, आणि रोज तिला चालता-फिरताना बघून मला आधी आनंद व्हायचा आणि लगेच तुझा चेहरा दिसायचा. एकदा गोळ्या मोजून देताना ती सहज म्हणाली, "तू घाबरट आहेस, पण खोटारडी नाहीस." तिला काही माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. त्या दिवशी मी जेवले नाही.

मी निमित्तं खूप शोधली. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मी कार्यालयातल्या एका कोऱ्या कार्डावर दोन रकाने आखले होते. द्यावी, न द्यावी. दोन्हीकडे मुद्दे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. कार्ड भरलं, तरी पारडं कुठेच झुकेना. आता कळतं, मी काही ठरवायला जोखत नव्हते, ठरवावं लागू नये म्हणून जोखत होते. तोवर ज्याला निघायचं तो निघून जातो. तू निघालीस. तुझ्याकडे रकाने नव्हते.

आईच्या कपाटापाशी तू बोललीस ते मला लागलं नाही, हे तुला सांगायला हवं. मी निघून गेले कारण एक क्षण वाटलं, हिला कळलंय. आणि जिन्यात लक्षात आलं, कळलेलं नाही. तेव्हा मला हायसं वाटलं. आजवर ज्याची सगळ्यात लाज वाटते ते हे हायसं वाटणं.

तू माफी मागितली नसतीस तर कदाचित मी हे कधीच लिहिलं नसतं. तू माझ्या वाटची क्षमा मागितलीस आणि वर माझी गोष्ट वीस जणांना शिकवायला निघालीस. ते मला सोसवेना. यात माझा मोठेपणा नाही.

तू फोन करणार नाहीस हे माहीत आहे. पत्र लिहिलं नाहीस तरी समजेन. पण सोमवारच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून उद्या सकाळी पोस्टात स्वतः जाऊन देणार आहे.

तुझी अपराधी,
ताई


९ मार्च

ताई,

पत्र शनिवारी मिळालं. उत्तराला दोन आठवडे लागले कारण तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात मी इतकी समजूतदार झाले होते की माझी मलाच शिसारी आली. तिसरं आठवत नाही.

मला राग आला आहे. तो किडनीचा नाही, हे आधी स्पष्ट करते. ती आईला दिली, आई नऊ वर्षं जगली, तिने माझ्या घरी येऊन माझ्या पडद्यांना नावं ठेवली. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. शिडीचं दुःख आहे. साहेब लोक मला "फोनवाल्या मॅडम" म्हणतात तेव्हा अजून टोचतं.

राग वेगळाच आहे. एकोणीस वर्षं मी म्हणत आले की मी स्वतःहून दिली. पण माझ्यासमोर दुसरा रस्ता होता का? मला वाटलं, ताईचं जुळत नाही, म्हणजे मीच. तू बाहेर येऊन "माझं जुळतंय पण मला भीती वाटते" म्हणाली असतीस, तर मी काय म्हटलं असतं? छाती ठोकून सांगावंसं वाटतं की "बस तू, मी देते" म्हटलं असतं. पण ते मला माहीत नाही. पिशवीत पत्र होतं. कदाचित मी तुझा हात धरून तुला परत आत ढकललं असतं. मी खरी कशी होते ते मला आता कधीच कळणार नाही. ते तू घेऊन गेलीस, ताई, आणि ते परत देता येत नाही.

सोमवारचा तास झाला. शब्द तुझाच सांगितला, जुंपणं, वस्ती, व्यापाऱ्याचा माल, सगळं. आपली गोष्ट सांगितली नाही. वेळ उरला म्हणून मागच्या वर्षीचा एक फोन सांगितला. एक माणूस घराच्या दारात उभा होता, आत धूर, आत त्याचे वडील. तो म्हणत होता, "मला आत जायची भीती वाटते." मी त्याला म्हटलं, "बरं केलंत सांगितलंत. जाऊ नका. दार लावून घ्या, गाडी निघाली आहे." वडील वाचले. पण तो माणूस नंतरही फोन ठेवेना. रडत होता, मी आत गेलो नाही म्हणून. मी त्याला सांगत राहिले की तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आम्हाला नेमकं कळलं आत कोण आहे ते.

वर्गात कुणीतरी विचारलं, "मॅडम, हे सगळ्यांना सांगता?"

मी म्हटलं, "हो, दिवसातून चारदा."

आणि हातातला खडू खाली ठेवला. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले. परक्या माणसाला मी हे दिवसातून चारदा सांगते, आणि तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय, आणि तुला एकदाही सांगता येत नाहीये. अजून येत नाही. आज लिहून बघितलं, खोटं वाटलं, खोडलं. तू म्हणतेस ना, लिहिलेलं खोडता येतं.

त्या माणसाने तेव्हाच सांगितलं होतं. तू एकोणीस वर्षं लावलीस. हा फरक मी पुसणार नाही, आणि तूही पुसू नकोस.

पण तू सांगितलंस. कुणी विचारलेलं नसताना, मी तुझ्या बाजूची असताना, आणि गप्प राहून तुझं सगळं सुरळीत चाललेलं असताना. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

दर वर्षी मार्चमध्ये माझी तपासणी असते. रक्त, लघवी, सोनोग्राफी. एकोणीस वर्षं एकटी जाते. बाकीच्यांबरोबर कुणी ना कुणी असतं, मी पुस्तक नेते आणि एकच पान वाचत बसते. सगळं ठीक असतं, पण बाहेर येईपर्यंत दर वर्षी वाटतं, यंदा काहीतरी निघणार. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मलाही भीती वाटते, ताई. कंट्रोल रूममध्ये कुणाला खरं वाटणार नाही.

यंदा गुरुवारी, एकवीस तारखेला, सकाळी नऊला आहे. तू ये. साडेआठला हॉस्पिटलच्या फाटकापाशी थांब. माफी मागू नकोस, रडू नकोस, समजावूही नकोस. मी बोलले तर बोल, नाही बोलले तर शेजारी बसून राहा. मी आतून बाहेर येईपर्यंत उठून जायचं नाही, एवढीच अट. नंतर मी तुझ्याशी भांडेन की चहा पिईन, ते त्या दिवशीचं त्या दिवशी.

वाट बघेन. रागावलेली आहे आणि राहणार आहे.

तुझी सख्खी बहीण